बॅटमॅनचं कॉमिक, त्याचा सिनेमा, आणि सिनेमाचं परत कॉमिक

मागच्या अंकात या सदरात १९८९च्या 'बॅटमॅन' सिनेमावरून डीसी या कॉमिक-कंपनीने काढलेल्या कॉमिकबद्दल लिहिलं होतं. डेनिस ओ'नील यांनी लिहिलेलं, जेरी ऑर्डवे यांनी काढलेलं, आणि मी म्हटलं होतं की सिनेमावरून निघालेल्या सुपरहिरो कॉमिक्सच्या ढिगात हे एकदम वरच्या थरातलं आहे. झालं, पत्रं, मेल, व्हॉट्सअॅप, सगळीकडून मतं यायला लागली, काहींना पटलं, काहींनी तर मला चक्क वेड्यात काढलं. नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी लिहिलंय म्हणून फक्त गावं देतोय. पत्रं थोडी कापलीत, शिव्या काढून टाकल्यात.

नाशिकहून एक वाचक: सिनेमा मला जवळजवळ पाठ आहे. तुमचा लेख वाचून कॉमिक शोधलं, माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर मिळालं, अर्ध्या तासात संपलं. सगळं माहितीचंच होतं हो! बॅटमॅन मुळात कॉमिकमधला, त्यावर सिनेमा काढला ते ठीक, पण सिनेमावरून परत कॉमिक म्हणजे उसाचा चोथा पुन्हा चरकात घालण्यासारखं नाही का?

चोथा म्हणालात ते बऱ्याच सिनेमा-कॉमिक्सना लागू आहे, भांडत नाही. पण तुम्ही ते कधी वाचताय तेही बघा ना. जून १९८९ मध्ये अमेरिकेत सिनेमा लागला, व्हिडिओ कॅसेट आली नोव्हेंबरात, आणि इतक्या लवकर कॅसेट येणं म्हणजे त्या काळात नवलच होतं. तोपर्यंत थिएटरमधून बाहेर आलेल्या पोराला तो सिनेमा घरी न्यायचा असेल तर हातात काय होतं, तर हे साठ-पासष्ट पानांचं कॉमिक. ते पोरगं पान उघडून एकेका फ्रेमवर दहा दहा मिनिटं बसायचं. तुम्ही सिनेमा पाठ झाल्यावर वाचलंत, त्यामुळे तुम्ही वाचत नव्हतातच, टिकमार्क करत होतात, हा सीन आला, तो सीन आला.

आता जरा हिशोब करा. सिनेमा १२६ मिनिटांचा. पानं साठ-पासष्ट. म्हणजे एका पानात दोन मिनिटं बसवायची, आणि पानावर चौकटी किती तर पाच-सहा, फार तर सात. पाठलाग, मारामारी, बॅटमोबिल रस्त्यावरून सुसाट जाते ते, पडद्यावर हे सगळं आवाजावर चालतं. डॅनी एल्फमनचं संगीत काढून टाका, प्रिन्सची गाणी काढून टाका (म्युझियममध्ये जोकर नाचत नाचत चित्रांची वाट लावतो तो सीन गाण्याशिवाय डोळ्यासमोर आणून बघा, बसतो का), आणि मग उरलेल्यातून गोष्ट उभी करा. तिथे चित्रकाराला स्वतःला ठरवावं लागतं, काय मोठं काढायचं, काय एका कोपऱ्यात उरकायचं, पान उलटल्यावर काय दिसलं पाहिजे. ज्यांनी नुसते सिनेमाचे फोटो समोर ठेवून गिरवले त्यांचं कॉमिक चोथा होतं. ऑर्डवे तेव्हा सुपरमॅनची कॉमिक्स काढत होते, रोजचा हात सुपरहिरोवर बसलेला माणूस, त्यांनी सिनेमा घेतला आणि तो कॉमिकच्या भाषेत बसवला. माझं म्हणणं एवढंच आहे. एकदा सिनेमा बाजूला ठेवून, महिनाभर न बघता, नुसती पानं बघा. नाही आवडलं तर फुटपाथवाल्याला परत द्या, अर्ध्या किमतीत घेतोच तो.

कोल्हापूरहून एक वाचक: जोकर डिट्टो जॅक निकल्सन दिसतो, मान्य. पण बाकीच्या सिनेमांच्या कॉमिकमध्ये हिरो भलताच कुणीतरी दिसतो, अॅक्टरचा लांबचा चुलतभाऊ असल्यासारखा. चित्रकार कच्चे असतात की कंपनी पैसे वाचवते?

चित्रकार कच्चे असतात असं सरसकट नाही म्हणता येणार. अॅक्टरचा चेहरा हा कागदोपत्री त्याच्या मालकीचा असतो. सिनेमाच्या करारात चेहरा कुठे कुठे वापरायचा ते लिहिलेलं असतं, पोस्टरवर चालेल, खेळण्यावर चालेल, कॉमिकमध्ये वेगळी परवानगी, आणि कधी कधी काढलेली चित्रंही अॅक्टरच्या माणसांकडून पास करून घ्यावी लागतात. ती परवानगी नसली की चित्रकाराला मुद्दाम चेहरा 'साधारण तसा' ठेवावा लागतो, केस तेच, कपडे तेच, नाक मात्र कुणाचंच नाही. तुमचा चुलतभाऊ इथून येतो बघा.

दुसरी गोष्ट म्हणजे खूप हुबेहूब चेहराही घात करतो. फोटोवरून उतरवलेलं तोंड आणि खाली मनाने काढलेलं अंग, असं झालं की पुतळ्यावर मुखवटा लावल्यासारखं दिसतं आणि प्रत्येक चौकटीत माणूस कॅमेऱ्याकडे बघतोय असं वाटत राहतं. ऑर्डवेंच्या पानांवर निकल्सनचा जोकर ओळखू येतो आणि तरी हलतो, ओरडतो, तिरका बघतो. सिनेमातला बॅटमॅन, मायकेल कीटन, काढणं तर त्याहून अवघड कारण त्या माणसाच्या चेहऱ्यावर सुपरहिरोवाला जबडाच नाहीये, सगळा खेळ डोळ्यांचा आणि भुवयांचा. आणि १९८८ मध्ये त्याचं नाव जाहीर झाल्यावर चाहते एवढे भडकले की वॉर्नर ब्रदर्सकडे निषेधाच्या पत्रांचा पाऊस पडला, आकडा ५०,०००चा सांगतात. कॉमेडी करणारा माणूस बॅटमॅन कसा, हा मुद्दा होता. सिनेमा आला, सगळे गप्प. वाचकांची मतं छापणाऱ्या माणसाने हे लक्षात ठेवलेलं बरं, म्हणजे मी.

पुण्याहून एक वाचक: सिनेमात ब्रूसच्या, म्हणजे बॅटमॅनच्या, आईबापांना जोकरच मारतो असं दाखवलं, हा सरळसरळ खून आहे मूळ गोष्टीचा. ठीक आहे, हॉलिवूडवाल्यांना अक्कल नाही. पण ओ'नील तर स्वतः बॅटमॅनचे एडिटर होते ना? त्यांनी कॉमिकमध्ये तरी ते दुरुस्त करायला हवं होतं. तुम्ही त्यांचं एवढं कौतुक करता त्याचं मला आश्चर्य वाटतं.

अहो, चिडू नका, या मुद्द्यावर मी निम्मा तुमच्या बाजूने आहे. १९३९ मध्ये डिटेक्टिव्ह कॉमिक्सच्या ३३व्या अंकात बॅटमॅनची पूर्वकथा पहिल्यांदा आली तेव्हा आईबापांना मारणारा एक बिननावाचा लुटारू होता. १९४८ मध्ये त्याला जो चिल हे नाव मिळालं. जोकर आला १९४०च्या वसंतात, बॅटमॅनच्या पहिल्या अंकात, आणि त्याचा या खुनाशी काडीचा संबंध नव्हता. खुनी कुणीही साधा भुरटा चोर असणं यातच त्या गोष्टीची ताकद आहे, कारण मग बॅटमॅन एका माणसाचा सूड घेऊन मोकळा होऊ शकत नाही, त्याला आख्ख्या शहराच्या गुन्ह्यांशीच लढत बसावं लागतं. सिनेमाने जॅक नेपियर असं नाव देऊन जोकरलाच खुनी केलं, त्यामुळे दोन तासांत वर्तुळ पूर्ण होतं, सिनेमाला ते सोयीचं आहे. पण बॅटमॅन लहान होतो त्याने. इथपर्यंत तुम्ही आणि मी एक.

पण ओ'नीलना बोल लावू नका. एक तर हे कॉमिक सिनेमाचं अधिकृत रूपांतर होतं, स्टुडिओच्या गोष्टीत खुनीच बदलायचा अधिकार लेखकाला कुठून मिळणार? आणि दुसरं, जोकरला परत जोकर केला कुणी? साठच्या दशकापर्यंत कॉमिक्सवरचा सेन्सॉरछाप कोड आणि नंतर टीव्ही सिरियल यांच्यामध्ये जोकर पार विदूषक होऊन बसला होता, फुसक्या खोड्या करणारा. १९७३ मध्ये बॅटमॅनच्या २५१व्या अंकात ओ'नील आणि चित्रकार नील अॅडम्स या जोडीने त्याला परत खुनी, अंगावर काटा आणणारा केला. पडद्यावर निकल्सन जो हसत हसत माणसं मारतो त्याची वाट त्या अंकातून जाते. तर सोळा वर्षांनी त्याच ओ'नीलना सिनेमातला जोकर परत कॉमिकमध्ये लिहायचं काम मिळालं, आणि ते बॅटमॅनच्या सगळ्या मासिकांचे एडिटर असूनही त्यांनी सिनेमाचा तो बदल मूळ मासिकांत शिरू दिला नाही. सिनेमाचं सिनेमापाशी, मासिकाचं मासिकापाशी. मला तरी हे दुरुस्त करण्यापेक्षा जास्त शहाणपणाचं वाटतं.

(जाता जाता, वाचकांच्या हातात गोष्ट दिली की काय होतं तेही याच ओ'नीलनी बघितलं होतं. १९८८ मध्ये बॅटमॅनचा पोरसवदा साथीदार, दुसरा रॉबिन, जगावा की मरावा यावर फोनवरून मतदान घेतलं, मरावा ५,३४३, जगावा ५,२७१. बहात्तर मतांनी गेलं बिचारं पोरगं.)

ठाण्याहून, बारावीतला एक वाचक: सर, मी वाचलंय की अशा कॉमिक्समध्ये कधी कधी सिनेमात नसलेले सीन असतात. असं कसं होतं? कॉमिक काढणारे सिनेमा बघत नाहीत का?

बघत नाहीत, बघूच शकत नाहीत! मस्त प्रश्न विचारलास. हे बघ, 'बॅटमॅन'चं शूटिंग इंग्लंडला पाइनवूड स्टुडिओत ऑक्टोबर १९८८ मध्ये सुरू झालं, सिनेमा लागला २३ जून १९८९ ला. कॉमिक त्याच सुमाराला दुकानात पाहिजे. म्हणजे छपाई आधी, रंग त्याच्या आधी, शाई त्याच्या आधी, पेन्सिल त्याच्याही आधी. चित्रकार काम करत असतो तेव्हा सिनेमा एडिटिंगच्या टेबलावर तुकड्या तुकड्यांत पडलेला असतो. लेखकाकडे असते पटकथा, आणि ती कुठली, तर त्याच्या हातात पडली ती, नंतर बदललेली त्याला कोण पाठवतंय. याच सिनेमाचं बघ, पहिली पटकथा सॅम हॅमची, मग १९८८ मध्ये हॉलिवूडच्या लेखकांचा संप झाला, हॅमला पटकथेला हात लावता येईना, तेव्हा वॉरन स्कॅरन वगैरे मंडळींनी पुढचं लिहिलं. रॉबिन आधी होता, मग काढला. चर्चच्या मनोऱ्यावरचा शेवट तर शूटिंग चालू असताना बदलला. अशा धावत्या गाडीचं चित्र काढायचं असतं.

त्यामुळे गमती होतात. १९७७च्या 'स्टार वॉर्स'च्या मार्व्हल कॉमिकमध्ये जब्बा नावाचं पात्र आहे, सिनेमात त्या वर्षी नव्हताच, सीन कापला होता, आणि कॉमिकवाल्यांना तो दिसतो कसा हे नीट माहीत नसल्यामुळे त्यांनी पिवळा, मिशाळ, दोन पायांवर चालणारा कुणीतरी काढला. नंतर सिनेमात आला तो केवढा मोठा गोगलगाईसारखा गोळा, तुला माहीत असेलच. सुपरहिरोतलं उदाहरण म्हणजे १९८७चा चौथा 'सुपरमॅन'. तो सिनेमा कापून कापून दीड तासाचा केला होता. बॉब रोझॅकिसनी लिहिलेलं त्याचं कॉमिक उघड, सिनेमातून गेलेले प्रसंग, संवाद त्यात आहेत, आणि शेवट तर पूर्ण वेगळा, सुपरमॅन जेरेमी नावाच्या पोराला घेऊन पृथ्वीच्या वर जातो आणि वरून बघितलं तर कुठे सीमाच दिसत नाहीत. सिनेमा पडला, खरंच वाईट होता, पण काय करायचं मनात होतं ते कळायला कॉमिक बघावं लागतं. म्हणून संग्रह करणारे लोक सिनेमाशी न जुळणारी पानंच आधी शोधतात. तूही तसंच कर, सिनेमा बघ, कॉमिक शेजारी ठेव आणि फरक वहीत लिहून काढ. अभ्यास झाल्यावर.

न्यू जर्सीहून एक वाचक: माझ्याकडे 'बॅटमॅन' कॉमिकच्या दोन्ही प्रती आहेत, साधी आणि जाड कव्हरची. विकली तर काय येईल?

फार नाही. साधी अडीच डॉलरची होती, चांगल्या कागदाची ४ डॉलर ९५ सेंटची, आतली गोष्ट एकच. त्या उन्हाळ्यात अमेरिकेत बॅटमॅनचं वेड एवढं होतं की दोन्ही प्रती भरपूर छापल्या, भरपूर खपल्या आणि लोकांनी 'पुढे किंमत येईल' म्हणून प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवल्या, त्यामुळे दुर्मिळ काही उरलंच नाही. ठेवा दोन्ही. एक काम मात्र करा, एकच पान दोन्हींत उघडून शेजारी शेजारी ठेवा. साधा कागद शाई पितो म्हणून स्टीव्ह ऑलिफचे रंग त्यावर मळकट होतात आणि चांगल्या कागदावर तीच रात्र खोल दिसते. रात्रीच्या गोष्टीत हा फरक बारीक नाही. आणि २०१९ मध्ये डीसीने तिसाव्या वर्षानिमित्त मोठी आवृत्ती काढली, त्यात ऑर्डवेंची पेन्सिलची पानं पण आहेत, पैसे घालवायचेच असतील तर तिथे घालवा.

मडगावहून एक आई: मुलगा दहा वर्षांचा आहे. आमच्या घरात वेताळाची जुनी इंद्रजाल कॉमिक्स आहेत, माझ्या भावाची, ती त्याने संपवली. आता बॅटमॅन मागतोय. आधी सिनेमा दाखवू की हे कॉमिक देऊ?

ताई, वेताळ संपवलेलं पोरगं तयार आहे असं समजा. तरी आधी कॉमिक द्या. सिनेमात जोकर एका माणसाशी हात मिळवून त्याला विजेच्या झटक्याने जाळतो, आणि विषाने मेलेल्या माणसांच्या तोंडावर हसू गोठलेलं असतं, हे मोठ्या आवाजात, अंधारात बघणं दहाव्या वर्षी जड जाऊ शकतं. कागदावर गोष्ट तीच असली तरी पान किती वेळ बघायचं ते मुलाच्या हातात असतं, भीती वाटली की तो पटकन उलटेल, बरं वाटलं की परत मागे येईल. पोरं हे बरोबर करतात. आधी एकदा तुम्ही स्वतः चाळा आणि मग ठरवा, तुमच्या मुलाला तुम्हीच ओळखता. भावाची इंद्रजाल मात्र जपून ठेवा, १९९०ला बंद झाली ती मालिका, भाच्याच्या हातात चिकट बोटांनी देऊ नका.

नागपूरहून एक वाचक: सिनेमाने कॉमिककडून सगळं घेतलं आणि बदल्यात हे एक पातळ पुस्तक दिलं, एवढंच ना? मला तर हा सगळा धंदा वाटतो.

धंदा आहेच हो, नाही कोण म्हणतंय! पण देणंघेणं एवढ्यावर थांबलं नाही. या सिनेमाचं गॉथम शहर अँटन फर्स्टने उभं केलं, त्यासाठी त्याला ऑस्कर मिळालं. लोखंडी तुळया, पाइप, वर वर चढत गेलेल्या आणि आभाळ झाकून टाकणाऱ्या इमारती. ते शहर डीसीवाल्यांना इतकं आवडलं की १९९२ मध्ये त्यांनी मूळ मासिकांत एक आख्खी गोष्ट रचली, तिच्यात एक माणूस जुन्या इमारतींसाठी वेडा होऊन नव्या इमारती बॉम्बने उडवतो, आणि त्यांच्यामागे लपलेलं जुनं गॉथम बाहेर येतं, ते फर्स्टच्या डिझाइनचं. कॉमिकमधल्या शहराला सिनेमातल्या शहरासारखं दिसायचं होतं म्हणून ते फोडलं! फर्स्ट १९९१ मध्येच गेला, त्याला हे बघायला मिळालं नाही.

वाचकांची कुरकुर सिनेमापर्यंत पोचली असंही झालंय. बॅटमॅनचा घरगडी आल्फ्रेड सरळ पत्रकार विकी व्हेलला त्याच्या गुप्त बॅटकेव्हमध्ये घेऊन येतो यावर चाहते इतके वैतागले होते की १९९२च्या दुसऱ्या सिनेमात ब्रूस स्वतःच आल्फ्रेडला त्यावरून टोमणा मारतो. आणि ज्या सॅम हॅमच्या हातातून पटकथा सुटली होती त्याने २०२१ मध्ये जो किनोनेस या चित्रकाराबरोबर त्याच सिनेमाची पुढची गोष्ट लिहिली, कॉमिकमध्ये. त्यात रॉबिन आहे, आणि बिली डी विल्यम्सने सिनेमात केलेला वकील हार्वी डेंट टू-फेस नावाचा खलनायक होतो, जे या सिनेमांत कधी झालंच नाही. पातळ पुस्तक म्हणालात त्याच्यापुढे हे सहा अंक ठेवा.

सोलापूरहून एक वाचक: एकच विचारतो. आता असे सिनेमाचे कॉमिक का निघत नाहीत, आणि जुन्यातलं अजून कुठलं घेऊ?

अगदीच बंद झालेत असं नाही, पण सिनेमा महिना-दोन महिन्यांत मोबाइलवर येतो, मग घरी न्यायला पुस्तक कशाला. मार्व्हलने त्यापेक्षा सिनेमाच्या आधी काय झालं ते सांगणारी कॉमिक्स काढायला सुरुवात केली, बरीचशी जाहिरातीसारखी आहेत, मला त्यात फार रस नाही. जुन्यात ओ'नीलनी १९९२, १९९५ आणि १९९७च्या बॅटमॅन सिनेमांचीही कॉमिक्स लिहिली, त्यातलं १९९२चं घ्या, स्टीव्ह अर्विनच्या चित्रांवर गार्सिया-लोपेझची शाई आहे. १९९७चं सोडून द्या, सिनेमाच तसला होता, लेखक तरी काय करणार. २००२च्या 'स्पायडरमॅन'चं स्टॅन ली आणि अॅलन डेव्हिसचं आहे, ते चित्रांसाठी घ्यायला हरकत नाही. आणि सुपरहिरो नसलं तरी चालत असेल तर १९७९चं 'एलियन', आर्ची गुडविन आणि वॉल्ट सिमन्सनचं, दिसेल तिथे उचला, भाव करत बसू नका.